रमिलाबाईंची सतरा मिनिटं

गेल्या आठवड्यात आमच्या रस्त्याच्या टोकाला श्पार्गेलची टपरी पुन्हा उभी राहिली. श्पार्गेल म्हणजे पांढरी शतावरी. र्युसेल्सहाइम या आमच्या जर्मन गावाच्या आसपासच्या रेताड शेतांत मातीचे लांबच लांब वरंबे करतात, वर प्लास्टिक अंथरतात आणि उजेड लागू न देता ती वाढवतात. एप्रिलपासून जूनच्या चोवीस तारखेपर्यंत सगळं गाव तिच्या नादी लागलेलं असतं. कॅन्टीनमध्ये तीच, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गप्पांत तीच. मीही थांबले, अर्धा किलो मागितली. ओल्या मातीचा आणि किंचित कडवट असा तो वास नाकात गेला मात्र, आणि माझं डोकं तापलं. टपरीवरच्या मुलीनं हसून ‘शोनेन टाग’, दिवस छान जावो, म्हटलं, तर मी तिला उत्तरसुद्धा दिलं नाही. तिचा काय दोष? दोष दोन वर्षांपूर्वीच्या याच मोसमाचा. एवढ्या काळात राग शिळा व्हायला हवा होता. होत नाही. जितकं आठवावं तितका ताजा होतो.

त्या वर्षी माझ्या सासूबाई तीन महिन्यांच्या व्हिसावर चिंचवडहून आमच्याकडे आल्या होत्या. मी आणि माझा नवरा निखिल दोघंही सकाळी कामावर जाणार. मी गाड्यांच्या आवाजाचं काम करते, म्हणजे गिअरबॉक्स कुठे कुरकुरतो, दार लावताना काय वाजतं, ते मोजायचं आणि कमी करायचं. तर दिवसभर आई घरात एकट्या. चाळीस वर्षं त्यांनी घरी शिलाईचं काम केलेलं, हात रिकामे ठेवायची सवय नाही. आल्यानंतरच्या चौथ्या दिवशी संध्याकाळी मी घरी आले, तर त्या घरात नाहीत. घाबरून खाली धावले. इमारतीच्या मागच्या बाकावर आई तळमजल्याच्या फ्राऊ स्टान्कोविचबरोबर बसून श्पार्गेल सोलत होत्या. दोघींमध्ये एक पातेलं, आणि एकही सामाईक भाषा नाही.

राडमिला स्टान्कोविच तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढे होत्या. सर्बियन. बारीक चणीच्या, पांढरे केस कानापर्यंत कापलेले. आईंना ‘राडमिला’ म्हणता येईना, त्यांनी दुसऱ्याच दिवशी त्यांचं ‘रमिलाबाई’ करून टाकलं, आणि मग आमच्या घरात तेच नाव रुळलं. इमारतीतल्या लोकांना त्या एका मोठ्या कॅन्टीनमधून निवृत्त झालेल्या म्हातारबाई म्हणून माहीत होत्या. ते खरंच होतं. पंधरा वर्षं त्यांनी तिथे ट्रे धुतले होते. त्याआधीची वीस-बावीस वर्षं त्या बेलग्रेडमधल्या एका इलेक्ट्रॉनिक संगीताच्या स्टुडिओत होत्या, हे फक्त मला माहीत होतं.

मला कळलं तेही एका पत्रामुळे. आदल्या शरद ऋतूत त्या एक पाकीट घेऊन वर आल्या. बोलण्यापुरतं जर्मन त्यांना उत्तम येतं, पण कार्यालयी पत्रांतलं जर्मन वाचायचा त्यांना कंटाळा. जवळच्याच एका शहरातल्या संग्रहालयाचं पत्र होतं. पूर्व युरोपातलं इलेक्ट्रॉनिक संगीत आणि माध्यमकला यांचं मोठं प्रदर्शन ते मांडणार होते. जुन्या कर्मचाऱ्यांच्या कुठल्याशा यादीत त्यांना हे नाव सापडलं होतं. काही फिती, काही फोटो असतील तर उसने द्याल का, अशी विनंती. रमिलाबाईंनी मला खाली नेलं, कपाट उघडलं. सुटकेसमध्ये फितींची चौदा चाकं होती, प्रत्येक जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं. देश सोडताना कपड्यांची एक पिशवी आणि ही सुटकेस, एवढंच आणलं होतं.

द्यावं की नाही, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हणाले, द्या, जर्मन संग्रहालय आहे, सगळं व्यवस्थित करतील. हे माझे शब्द. ते मला आजही टोचतात.

मग रोज संध्याकाळी त्या बाकावर रमिलाबाई सांगायच्या, मी मराठीत करून द्यायचे, आई ऐकायच्या आणि सोलायच्या. बेलग्रेडच्या गोष्टी. पहिलं महायुद्ध संपल्या संपल्याच तिथल्या कवी-चित्रकारांनी असली उलटीसुलटी मासिकं छापली होती, की पोलीस अंक जप्त करायला यायचे. रमिलाबाईंच्या वडिलांच्या पेटीत एक फाटका अंक होता, अक्षरं तिरकी, आडवी, पानभर उड्या मारणारी. नवं काही करायचं वेड त्या शहराला तेव्हापासूनचं. त्या तरुण होत्या तेव्हा विद्यार्थ्यांच्या एका सभागृहात लोक स्वतःच्या शरीराचीच कलाकृती करायचे, कुणी तासन्‌तास एका जागी उभं राहायचं, कुणी टीव्हीचे संच उलटे मांडून चित्रं फाडून दाखवायचं. आणि त्यांच्या स्टुडिओत इंग्लंडहून एक यंत्र आलं होतं, कपाटासारखं, भिंतभर, शेकडो बटणं आणि खुंट्या. जगभरातले संगीतकार ते वाजवायला यायचे. त्यांना कुठली खुंटी कुठे खोचायची ते शिकवायच्या रमिलाबाई. हुद्दा तंत्रज्ञ. वय पंचवीस-सव्वीस.

आईंनी विचारलं, यंत्र असं आपोआप गातं का? रमिलाबाई हसल्या. म्हणाल्या, यंत्र फक्त कापड देतं. बेतायचं, कापायचं आणि जोडायचं आपण. आवाज फितीवर घ्यायचा, फीत कात्रीनं कापायची, हवा तो तुकडा हव्या त्या जागी चिकटपट्टीनं जोडायचा. एक मिनिट व्हायला कधी आठवडा जायचा. हे मी आईंना सांगितलं, तेव्हा त्यांनी सुरी खाली ठेवली. कशी कापायची, सरळ की तिरकी? रमिलाबाईंनी मला दोनदा विचारलं, त्या खरंच हे विचारतायत का? मग म्हणाल्या, तिरकी. सरळ कापली तर जोडावर टक्क असा आवाज येतो. तिरकी कापली की एक आवाज दुसऱ्यात सरकतो. आई म्हणाल्या, हां, म्हणजे उरेब. तेवढं मला जर्मनमध्ये सांगता आलं नाही, पण गरज पडली नाही. आईंनी पदराची तिरकी घडी घालून दाखवली आणि रमिलाबाई ‘गेनाऊ, गेनाऊ’, अगदी बरोबर, म्हणत राहिल्या.

मे महिन्यात उद्‌घाटनाचं आमंत्रण आलं. रमिलाबाईंनी निळा सूट इस्त्री केला. आईंनी त्याची बाही आखूड करून दिली, आणि स्वतः मोतिया रंगाची साडी नेसल्या. आम्ही तिघी रेल्वेनं गेलो. निखिल तेव्हा वाल्डॉर्फला एका प्रकल्पावर होता, तो आला नाही.

प्रदर्शनाचं नाव होतं ‘पडद्यामागचे आवाज’. दारातच रमिलाबाई थांबल्या. कुठला पडदा, असं त्यांनी मला विचारलं. त्यांचा देश शीतयुद्धातल्या त्या पोलादी पडद्यामागे कधीच नव्हता. त्या जीन्स घ्यायला पश्चिमेच्या सरहद्दीपलीकडे ट्रिएस्टला जायच्या, शाळेच्या भिंतीवर भारताच्या पंतप्रधानांचा फोटो असायचा, अलिप्त देशांची परिषद त्यांच्या शहरात भरली होती. पण इथल्या लोकांच्या डोक्यात बर्लिनच्या पूर्वेकडचं सगळं एकाच रंगाचं. हे ज्यांना माहीत नाही, त्यांनी दुसऱ्यांचा इतिहास भिंतीवर लिहायला घ्यावा, याला काय म्हणायचं?

भाषणं झाली. विस्मृतीतून वाचवलेला ठेवा, असं एक वाक्य तीनदा आलं. वाचवलं कुणी? टॉवेलात गुंडाळून, सरहद्दी ओलांडून, दमट तळमजल्यावर कपाटात सर्वांत वरच्या फळीवर ठेवून वाचवलं कुणी?

मग आम्ही दालनात गेलो. रमिलाबाईंची फीत काचेमागे होती. मधोमध उजेड सोडून तिचा दोन-तीन मीटरचा भाग सरळ ताणून लावला होता, तपकिरी फितीवर पांढऱ्या जोडांच्या पट्ट्याच पट्ट्या. खाली हेडफोन. भिंतीवर पाटी. मी वाचली. संगीत रचना म्हणून एका प्रोफेसरांचं नाव होतं. ते त्या स्टुडिओचे प्रमुख, पुष्कळ वर्षांपूर्वी वारलेले. खाली बारीक अक्षरांत, ‘तांत्रिक साहाय्य: आर. स्टान्कोविच, त्साइटत्सॉयगिन’. म्हणजे काळाची साक्षीदार. आणि मग रसग्रहण: सतरा मिनिटांच्या या कृतीत ऐकू येणारी लाकडाची करकर ही दुभंगलेल्या युरोपाच्या बंद दाराची करकर आहे.

मी ते रमिलाबाईंना वाचून दाखवलं नाही. त्यांनी स्वतःच वाचलं, बोट ठेवून, दोनदा. मग अगदी हळू म्हणाल्या, ‘ते दार नाही. ती आमच्या गावची विहीर आहे.’

मोरावा नदीजवळच्या त्यांच्या गावात विहिरीवर एक लांब लाकडी दांडा होता. एका टोकाला दगड, दुसऱ्या टोकाला बादली. दांडा खाली येताना करकरायचा. त्यांची आई रोज पहाटे पाणी काढायची, आणि मुलीला त्या आवाजानं जाग यायची. आई वारल्यावर रमिलाबाई स्टुडिओतला टेपरेकॉर्डर रविवारी बसमधून गावी घेऊन गेल्या आणि ती करकर फितीवर धरून आणली. तिचा वेग कमी करून, लांबवून, यंत्राच्या सुरांत विणून सतरा मिनिटं केली. जेवणाच्या सुट्टीत आणि रविवारी बसून, एक अख्खं वर्ष. प्रोफेसरांनी ती विहीर जन्मात पाहिली नव्हती.

मी काय केलं? हातात रसाचा ग्लास घेऊन उभी राहिले. प्रदर्शन मांडणाऱ्या क्युरेटरबाई आमच्याकडे आल्या, चाळिशीच्या, नम्र, छान हसणाऱ्या. त्यांनी रमिलाबाईंचा हात दोन्ही हातांत घेतला, तुमच्यामुळे हे शक्य झालं म्हणाल्या, आणि मला विचारलं, कसं वाटलं? मी ‘सुंदर’ म्हणाले. ऑफिसात माझी मोजणीची पद्धत गटप्रमुखानं स्वतःच्या नावानं मांडली होती, तेव्हाही मी असंच काहीतरी म्हणाले होते. तेव्हा इथे कामाचा परवाना नवा होता, नोकरी जाईल ही भीती होती. त्या दिवशी कसली भीती होती, ते मला अजून सांगता येत नाही. सवय लागली होती, एवढंच.

आई तेवढ्या वेळात काचेला नाक लावून उभ्या होत्या. त्यांना पाटी वाचता येत नव्हती, म्हणून त्या फीत वाचत होत्या. मला हाक मारून म्हणाल्या, ‘अगं, हे सगळं डावऱ्या हातानं कापलंय. उतार बघ. उलटा आहे. यांच्याच हातचं आहे ना हे?’

मी पाहिलं. शेजारच्या काचेत दुसऱ्या कुणाची तरी फीत होती, तिच्यावरचे जोड एका बाजूला झुकलेले. रमिलाबाईंचे विरुद्ध बाजूला. सगळेच्या सगळे. फीत कापायला खाच पाडलेला ठोकळा असतो, तो उजव्या हाताच्या माणसांसाठी. रमिलाबाई डावऱ्या, त्यांना तो कधी जमला नाही, त्या कात्रीनं नजरेनंच कापायच्या. आईंनी चाळीस वर्षं डावऱ्या-उजव्या शिवणाऱ्यांची कापडं पाहिली होती. त्यांना एका नजरेत कळलं. दोन पदव्या आणि एक प्रबंध असलेल्या माणसांना वर्षभरात कळलं नव्हतं, कारण त्यांनी त्या नजरेनं पाहिलंच नव्हतं.

गाडीत रमिलाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. आईंनी डब्यातून नेलेल्या वड्या काढल्या, त्यांच्या हातात ठेवल्या, आणि मला सांगितलं, यांना विचार, आपण भांडायला कधी जायचं.

दहा दिवसांनी गेलो. मी रीतसर वेळ घेतली होती, जोडांचे फोटो काढून, कोन मोजून, तक्ता केला होता. शेवटी मोजणं हाच माझा धंदा. क्युरेटरबाईंनी तक्ता मन लावून पाहिला. फारच रंजक आहे, म्हणाल्या. फीत फ्राऊ स्टान्कोविच यांनी कापली, हे मान्यच आहे, पाटीवर तसं लिहिलंही आहे. पण कापणं ही अंमलबजावणी. कल्पना कुणाची होती, हा प्रश्न वेगळा. आणि त्याला नाखवाइस हवा. नाखवाइस म्हणजे कागदोपत्री पुरावा. या देशात घर मिळवायला, मूल शाळेत घालायला, पाऊल उचलायला नाखवाइस लागतो, त्याची मला सवय आहे. पण ज्या कलेत कात्री हीच लेखणी, तिथे कापणारीला तंत्रज्ञ म्हणायचं आणि कधीतरी दारातून डोकावून गेलेल्याला संगीतकार, यात कुठलं शास्त्र आलं? कवितेचं श्रेय कागद मंजूर करणाऱ्या साहेबाला द्यायचं का?

रमिलाबाई एवढंच म्हणाल्या, की विहीर कुणाची होती ते विचारा. क्युरेटरबाईंनी मान हलवली. विहिरीचा काही फोटो, काही पत्र? विहीर बुजवली होती. त्यांची आई गेली होती. गावात आता कुणी नव्हतं.

मग त्यांनी टॅब्लेट पुढे केला. म्हणाल्या, हे ऐकवायला मला बरं वाटत नाही, पण आमचा आधार हा आहे. फितीच्या सुरुवातीला एक घोषणा होती. तरुण, स्वच्छ, थोडा ताठ आवाज, सर्बियन भाषेत. त्यात प्रोफेसरांचं नाव मला ओळखू आलं. त्यानंतर ‘राडमिला स्टान्कोविच’ हेही. क्युरेटरबाईंनी विचारलं, हा आवाज कुणाचा? रमिलाबाई म्हणाल्या, माझा.

हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. क्षणभर मला वाटलं, संपलं सगळं. माझा तक्ता माझ्या मांडीवर तसाच पडला होता.

‘म्हणजे रचना त्यांची आहे, असं तुम्ही स्वतःच सांगताय,’ क्युरेटरबाई म्हणाल्या.

रमिलाबाईंनी तेव्हा जे सांगितलं ते पाच मिनिटांत सांगितलं, एकदाही आवाज न चढवता. स्टुडिओचा वर्षाचा एक आराखडा असायचा. प्रसारणासाठी रचना द्यायची तर ती नोंदलेल्या संगीतकाराचीच हवी. तंत्रज्ञाच्या नावानं कृती वाजवायला त्या आराखड्यात रकानाच नव्हता. प्रोफेसरांनी ऐकली, डोळे पुसले, म्हणाले, ही लोकांपर्यंत गेली पाहिजे, या वर्षी माझ्या नावावर जाऊ दे, पुढच्या वर्षी तुझी नोंदणी करू. घोषणा करायला त्या दिवशी दुसरं कुणी नव्हतं. त्यांनीच केली. कृतीला पुढे परदेशात बक्षीस मिळालं. पुढच्या वर्षी नोंदणी झाली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मग नव्वदीचं दशक आलं. निर्बंध आले, नोटांना कागदाची किंमत उरली नाही, यंत्रावर आच्छादन पडलं. एका हिवाळ्यात लोक रोज संध्याकाळी सरकारी बातम्यांच्या वेळेला खिडक्यांत येऊन भांडी बडवायचे, म्हणजे बातम्या ऐकू येऊ नयेत. त्या शहरातली शेवटची मोठी मैफल तीच, असं त्या म्हणतात. त्यानंतर त्या इथे आल्या.

क्युरेटरबाईंनी सगळं ऐकलं. त्या म्हणाल्या, माणूस म्हणून माझा तुमच्यावर विश्वास आहे, पण संग्रहालय विश्वास छापू शकत नाही. तडजोड म्हणून त्यांनी दोन गोष्टी सुचवल्या. साक्षीदार म्हणून रमिलाबाईंची मुलाखत घेऊन ती दालनात दाखवायची. किंवा पाटीवर त्यांचं नाव घालायचं, पुढे कंसात प्रश्नचिन्ह.

मला त्या बाईंचा राग आला तो त्या दुष्ट होत्या म्हणून नाही. दुष्ट असत्या तर सोपं होतं. नियमाच्या आड त्या इतक्या आरामात उभ्या होत्या, त्याचा राग. पन्नास वर्षांपूर्वी एका कार्यालयानं बाईच्या नावाला रकाना ठेवला नाही. पन्नास वर्षांनी दुसऱ्या देशातलं दुसरं कार्यालय म्हणतं, रकान्यात तुमचं नाव नाही, म्हणून आम्हालाही लिहिता येत नाही. आणि स्वतःच्या प्रदर्शनाला म्हणतं, विस्मृतीविरुद्धचा लढा.

रमिलाबाई माझ्याकडे वळल्या. ‘माझ्या फिती मला परत हव्यात, असं सांग,’ म्हणाल्या. जर्मन त्यांना येत होतं. पण ते वाक्य मी बोलावं, असं त्यांना वाटलं असणार. मी बोलले. उसनवारीचा करार आदल्या वर्षी मीच वाचून दिला होता आणि आदल्या रात्री पुन्हा काढून पाहिला होता. दोन आठवड्यांची सूचना देऊन फिती परत मागता येतात, आणि मागितल्यावर त्यांची प्रतही वाजवता येत नाही, असं त्यात स्पष्ट होतं. क्युरेटरबाईंचा चेहरा पहिल्यांदाच पडला. प्रदर्शन अजून चार महिने चालणार आहे, म्हणाल्या. रमिलाबाई म्हणाल्या, ‘तेवढ्यात तुमचा पुरावा शोधा.’

जूनमध्ये आम्ही फिती आणायला गेलो. पांढरे हातमोजे घातलेल्या माणसानं चौदा चाकं एकेक करून आमच्यासमोर ठेवली आणि प्रत्येकाची अवस्था कागदावर लिहून घेतली. आईंनी प्रत्येक चाक स्वतः टॉवेलात गुंडाळलं. निघताना मी दालनात डोकावले. काच रिकामी होती, हेडफोन मुके होते. प्रोफेसरांच्या नावाची पाटी मात्र तशीच होती, दाराची करकर वगैरे सगळं. शेजारी एक छोटं कार्ड लावलं होतं, ‘वस्तू तात्पुरती काढली आहे’. तात्पुरती.

पुढच्या आठवड्यात आईंचा व्हिसा संपला. विमानतळावर दोघी बराच वेळ एकमेकींचे हात धरून उभ्या होत्या. रमिलाबाई सर्बियनमध्ये बोलत होत्या, आई मराठीत, आणि मला भाषांतर करायला कुणीच सांगितलं नाही.

ते प्रदर्शन नंतर आणखी दोन शहरांत फिरलं. त्याचा जाडजूड कॅटलॉग निघाला, त्यात तीच पाटी छापली आहे. आता विद्यार्थी त्यातून उतरवून घेतात, प्रबंधांत देतात. हा झाला त्यांचा नाखवाइस. मी संग्रहालयाला सहा पत्रं लिहिली. पहिल्या दोनांना उत्तर आलं, की दुसरी आवृत्ती निघाल्यास विचार करू. त्यानंतर उत्तर येणं थांबलं. मी आता ऑफिसातल्या अहवालांवर माझं नाव आहे की नाही ते पाहते, नसेल तर विचारते. गटप्रमुख म्हणतो, तू अलीकडे चिडकी झालीस. जा, झाले.

या हिवाळ्यात निवृत्तीला आलेल्या एका सहकाऱ्यानं त्याचा चाकांचा जुना टेपरेकॉर्डर मला दिला. आठवडाभर संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही त्या सतरा मिनिटांची संगणकावर प्रत केली. एके ठिकाणी जोड सुटला होता. रमिलाबाईंनी तो पुन्हा जोडला. कात्री आजही तशीच उलट्या उतारानं चालली. मी म्हणाले, सुरुवातीची ती घोषणा काढून टाकू या. माझ्या दृष्टीनं तीच सगळ्या अनर्थाचं मूळ. त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, ‘ती मुलगीसुद्धा मीच आहे. तिच्याकडून हे वदवून घेतलं, ते लोकांना ऐकू दे.’ मग त्यांनी ती प्रत माझ्याकडून मागून घेतली, फोनवर कसं रेकॉर्ड करायचं ते माझ्याकडून दोनदा शिकून घेतलं, आणि आपल्या घरी गेल्या.

बेलग्रेडमध्ये एक तरुण मुलगी घरातूनच इंटरनेटवर रेडिओ चालवते. जुन्या विस्मरणात गेलेल्या ध्वनिकृती ती शोधते आणि वाजवते. रमिलाबाईंच्या भाचीनं तिला गाठलं. तिनं कसलाही पुरावा मागितला नाही. तिनं फक्त विचारलं, विहीर कुठल्या गावची?

मागच्या रविवारी दुपारी ते प्रसारण झालं. रमिलाबाई निळा सूट घालून वर आल्या. निखिलनं स्पीकर जोडले, आई फोनवर चिंचवडहून, डोक्यावर पंखा फिरत असलेल्या त्यांच्या खोलीतून बघत होत्या. आधी त्या तरुण आवाजाची घोषणा आली, ताठ आणि स्वच्छ: रचना, आणि प्रोफेसरांचं नाव. तांत्रिक साहाय्य, राडमिला स्टान्कोविच. मग करकर सुरू झाली. मी ती पूर्वी बऱ्याचदा ऐकली होती, पण सलग, न थांबता, पहिल्यांदाच. दांडा खाली येतो, येतच राहतो, त्यातून हळूहळू बाईच्या श्वासासारखं काहीतरी निघतं, आणि शेवटी कुठेतरी खोल पाणी हलतं. सतरा मिनिटं कुणी हललं नाही. आईंच्या पंख्याचा आवाजसुद्धा मला त्यातलाच वाटला.

करकर संपली. मी बंद करायला उठले, तर रमिलाबाईंनी हातानं थांबवलं. स्पीकरमधून दुसरा एक आवाज आला, म्हातारा, थोडा खरखरीत, फोनवर रेकॉर्ड केलेला. कधी केला त्यांनी, आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. पन्नास वर्षांपूर्वीचेच शब्द, त्याच क्रमानं. रचना, राडमिला स्टान्कोविच. मग एक श्वास घेतला. तांत्रिक साहाय्य, राडमिला स्टान्कोविच.